सात दशांश स्थळांचा पोट्टा

गोंदिया जिल्ह्यात धान मोजायला क्विंटल पुरतो. कट्टा चाळीस किलोचा धरायचा. त्यात पावशेर इकडेतिकडे झाला तर घेणारा नि देणारा दोघंही चहा पिऊन विषय संपवतात. जमीन एकरात मोजतात, तलाव 'औंदा भरला' किंवा 'नाही भरला' एवढ्यात मोजतात, आणि आमच्या मुर्री गावाहून गोंदिया किती लांब असं विचारलं तर 'हे काय जी, इथंच' असं उत्तर मिळतं. अशा सढळ हाताच्या मुलखात दरवर्षी उन्हाळा सरता सरता एक आकडा येऊन पडतो, ज्याला दशांश चिन्हाच्या पुढे सात घरं असतात. यंदा आमच्या शेजारच्या पोट्ट्याच्या नावापुढे तो ७१.४३८२९०६ असा आला.

हा आकडा इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा, म्हणजे सीईटीचा. ती २०१९ पासून संगणकावर होते. लाखो पोरं एका दिवसात मावत नाहीत, म्हणून दिवस वेगळे, पाळ्या वेगळ्या, पेपर वेगळे. मग कोणाचा पेपर सोपा नि कोणाचा अवघड हे भांडण मिटवायला गुणांऐवजी पर्सेंटाइल, आणि दोघांची बरोबरी होऊ नये म्हणून ही सात घरं. भौतिक, रसायन, गणित मिळून दीडशे प्रश्न, दोनशे गुण, आणि चुकलं तर काही कापत नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नसतो; येतं ते सोडवायचं, बाकीचं अंदाजपंचे दाहोदरसे. आधी पोरांनी अंदाजाने बटणं दाबायची आणि मग त्या अंदाजाची किंमत सरकारने एक कोटीव्या भागापर्यंत अचूक काढायची, असा हा शास्त्रीय मामला आहे.

पोट्ट्याचा बाप निकालाचा कागद घेऊन माझ्याकडे आला. "शंभरातले एकाहत्तर भेटले म्हणावं का जी?"

"नाही. शंभर पोरांतल्या एकाहत्तरांना त्यानं मागं टाकलं, असा त्याचा अर्थ."

"एकाहत्तर पोट्ट्यायले मागं टाकलन?" बाप खुर्चीत सरळ झाला. "मग हा सकाळपासून रडून काहून राहिला?"

पुढे उरलेली एकोणतीस पोरं राज्याच्या हिशेबात लाखाच्या आसपास भरतात, आणि त्या लाखातल्या बहुतेकांना कॉम्प्युटरच पाहिजे असतं, हे सांगेपर्यंत त्याने आमच्याकडचा चहा आनंदाने संपवला होता. मग त्याचाही चेहरा सात दशांशांचा झाला.

माझ्याकडे लोक येतात त्याचं कारण माझं ज्ञान नाही, माझा लॅपटॉप. गल्लीत बाकी सगळ्यांकडे मोबाइल आहेत, पण केंद्रीय प्रवेशाचा, म्हणजे कॅपचा, ऑप्शन फॉर्म मोबाइलवर भरला तर नशीब फुटतं असा मुर्रीत समज आहे. त्यामुळे जुलै महिन्यात माझ्या ओसरीवर दहावी-बारावी, नीट-सीईटी, डिप्लोमा-डिग्री असा सगळा माल उतरतो. नेमकी हीच वेळ रोवणीची. पऱ्हे उपटून झालेले, बांधीत चिखलणी झालेली, बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर पाऊस मिळत नाही. आणि त्यात प्रवेशाची पहिली फेरी. ओटीपी बापाच्या मोबाइलवर जातो. मोबाइल प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून बांधावरच्या झाडाला टांगलेला असतो. बाप गुडघाभर चिखलात. पोट्टा सायकल मारत बांधीवर जातो, आकडे तळहातावर लिहून आणतो, आणि येईपर्यंत त्या ओटीपीची मुदत संपलेली असते. दुसऱ्या खेपेला शहाणपण करून तो मोबाइलच घेऊन आला, तर मागाहून बाप धावत आला, कारण ट्रॅक्टरवाल्याचा फोन यायचा होता. वेबसाइट बनवणाऱ्यांनी चिखलाचा विचार केलेला दिसत नाही.

ऑप्शन फॉर्ममध्ये ३०० पर्यंत पर्याय भरता येतात. ज्या घरात रात्री भाजी कोणती याचा दुसरा पर्यायही नसतो, त्या घराला सरकार एकदम तीनशे पर्याय देतं. म्हणून मंडळ बसलं. मंडळात पोट्ट्याचा बाप, त्याचे मामाजी, राइस मिलमधले एक दिवाणजी आणि रेल्वेतून निवृत्त झालेले गार्डबाबा. पोट्टा चहा आणायला ठेवला होता.

गार्डबाबांनी पहिल्याच मिनिटाला प्रश्न सोडवला. "महाराष्ट्र एक्सप्रेस धरा. गोंदियाहून निघते, कोल्हापूरले जाते. जिथं थांबते तिथं कॉलेज आहे. कायले डोकं लावता?"

हसण्यावारी नेण्यासारखी ही सूचना नव्हती. ती गाडी एका दिवसाहून जास्त वेळ चालते आणि महाराष्ट्राचं अर्धं तंत्रशिक्षण तिच्या रुळांना लागून उभं आहे. नागपूर तर सोडाच, तिथं कॉलेजांचीच वस्ती आहे. पुढे वर्ध्याला उतरलं की सेवाग्रामचं कॉलेज, बडनेऱ्याला स्टेशनाच्या गावातच कॉलेज, अकोला, मग शेगाव, जिथलं इंजिनिअरिंग कॉलेज गजानन महाराजांच्या नावाचं असल्यामुळे मंडळाने कटऑफ न बघताच मंजूर केलं. "दर्शनही होते," मामाजी म्हणाले. पुण्याचं सीओईपी १८५४ सालचं. कऱ्हाडचं सरकारी कॉलेज, सांगलीचं वालचंद, सगळी त्याच मार्गावर. गार्डबाबा डोळे मिटून स्टेशनं म्हणत होते आणि मी टाइप करत होतो. मूर्तिजापूरला मात्र मी थांबलो. त्याच तालुक्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर १९६५ साली नागपूरच्या विश्वेश्वरय्या कॉलेजातून इंजिनिअर झाले, तेव्हा तिथे कॉम्प्युटरची शाखाच नव्हती, आणि १९९१ साली देशाचा परम महासंगणक उभा राहिला तो त्यांच्या हाताखाली. कॉम्प्युटर सायन्सची बी.टेक. पदवी आयआयटी कानपूरने १९७८ मध्ये सुरू केली. ती शाखा पहिल्यांदा शिकवणारे स्वतः बहुधा दुसरंच काही शिकून आलेले असणार. हे सगळं मी मंडळाला सांगितलं.

"त्यायले पर्सेंटाइल किती होते?" दिवाणजींनी विचारलं.

पर्यायांचा क्रम गाडीच्या वेळापत्रकाप्रमाणे लावून चालत नाही, हे समजावण्यात संध्याकाळ गेली. २०२५ पासून प्रवेशाच्या चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो; दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी मिळालं तर तेच; तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. म्हणजे वर लिहाल त्यावर तुमचं खरोखर मन हवं. गार्डबाबांनी हे ताबडतोब आपल्या भाषेत घेतलं: रिझर्वेशन कन्फर्म झालं की कॅन्सल नाही. मंडळ गंभीर झालं. इतका वेळ शेगाव पहिल्या क्रमांकावर होतं.

पुणे मात्र पोट्ट्याच्या आईने एका वाक्यात काढून टाकलं. तिची पुतणी एकदा पुण्याच्या होस्टेलात राहून आली होती. "तिथं भात वाटीत देतात," आई म्हणाली. मंडळात शांतता पसरली. गोंदियाच्या माणसाला भात वाटीत दिला तर तो चटणी समजून बाजूला सरकवेल. सीओईपीचं कॉम्प्युटर ९९ च्याही वर कुठेतरी बंद होतं, त्यामुळे पुण्याने आम्हाला घेण्याचा प्रश्न नव्हताच. पण नकार आमच्याकडून गेला याचं घरात समाधान राहिलं.

आता शाखा. पूर्वी कॉम्प्युटर म्हटलं की कॉम्प्युटर असायचं. २०२४ पासून एआयसीटीईने एका शाखेत किती जागा ठेवाव्यात यावरची मर्यादा उठवली आणि कॉलेजांनी आपलं वजन कॉम्प्युटरकडे झुकवलं. यादी बघा: कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग, इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी, एआय अँड डेटा सायन्स, एआय अँड मशीन लर्निंग, सायबर सिक्युरिटी, इंटरनेट ऑफ थिंग्ज, कॉम्प्युटर सायन्स अँड बिझनेस सिस्टिम्स, कॉम्प्युटर सायन्स अँड डिझाइन. यातल्या काहींच्या मागे कंसात पुन्हा दुसरी शाखा. मी वाचत गेलो आणि बाप ऐकत गेला. तो धानवाला माणूस. कृषी केंद्रात उभं राहून एचएमटी, जय श्रीराम, चिन्नोर यांच्या थैल्या चाळलेल्या. (एचएमटी हे नाव घड्याळाच्या कंपनीवरून पडलं, वाण मात्र नागभीडकडच्या दादाजी खोब्रागड्यांनी स्वतःच्या शेतात निवडून काढलेलं.) शेवटी तो म्हणाला, "थैलीवर नाव बदलवते जी कंपनीवाला. आतमधी बी कोणतं आहे ते सांगा."

मंडळात त्या संध्याकाळी बोलली गेलेली ही सगळ्यात मुद्द्याची गोष्ट होती, म्हणून तिकडे कोणी लक्ष दिलं नाही. मामाजींनी हिंजवडीतल्या जावयाला स्पीकरवर घेतलं. जावईबापू म्हणाले, "ब्रँच डझन्ट मॅटर, स्किल बघा." याचा अर्थ मामाजींनी "जावई म्हणतात, एआय घ्या" असा करून सांगितला. दिवाणजींनी शंका काढली की एआयमुळे म्हणे कोडिंगच्या नोकऱ्या जाऊन राहिल्या, टीव्हीवर सांगत होते. यावर पोट्ट्याच्या बापाचं उत्तर मी मुद्दाम लिहून ठेवलं आहे: "जो नोकऱ्या खाऊन राहिला, त्याचीच डिग्री घेऊन टाकावं ना जी."

मग गेल्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ उघडली. ही पीडीएफ ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून कळणार नाही. शेकडो पानं, बारीक अक्षर, आणि रकान्यांच्या डोक्यावर जीओपीईएनएच, एलओबीसीएस, टीएफडब्ल्यूएस असली बीजाक्षरं. जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे लेडीज, शेवटचा एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी. पहिल्या दिवशी ते कोणालाच वाचता आलं नाही. आठवड्याने पानठेल्यावरही 'जीओबीसीएच मधी किती लागला' अशी चर्चा ऐकू येऊ लागली. बोर्डाच्या परीक्षेत इंग्रजीत कसेबसे पास झालेले लोक ते एका श्वासात म्हणू लागले.

मला स्वतःला या कटऑफचं एक कोडं वाटतं. गेल्या वर्षी त्या दारातून शेवटचा पोरगा किती पर्सेंटाइलवर आत गेला, एवढंच तो आकडा सांगतो. आत काय शिकवतात, शिकवणारा वर्गावर येतो का, प्रयोगशाळेतले संगणक सुरू होतात का, यातलं काहीही त्यात नसतं. तरी गाव तो आकडा विषयाच्या अवघडपणाचं माप म्हणून वाचतं. कॉम्प्युटर ९५ ला बंद झालं आणि सिव्हिल ५० ला, तर सिव्हिल निम्मं सोपं. पूल बांधणाऱ्याने हे ऐकू नये. आणि कॉम्प्युटरच्या आतही तेच. स्टॅक, क्यू, लिंक्ड लिस्ट या गोष्टी बी.ई.लाही शिकवतात, बी.एस्सी.लाही, बीसीएलाही, आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकातही त्याच आहेत. लिंक्ड लिस्टमधून एक कडी काढताना पुढचा पत्ता आधी जपून ठेवावा लागतो; नाही ठेवला तर ९९ वाल्याचीही यादी तुटते.

पण हे बोलायची ती वेळ नव्हती, कारण दारात पांढरी गाडी उभी राहिली होती. गोंदिया जागाच अशी, की पश्चिमेला नागपूर जेवढं, साधारण तेवढंच पूर्वेला दुर्ग-भिलाई, आणि उत्तरेला नदी ओलांडली की बालाघाट. त्यामुळे पर्सेंटाइल कमी पडला की तीन राज्यांतून माणसं येतात. हा माणूस इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात चकचकीत पुस्तिका. पुस्तिकेत स्विमिंग पूल, घोडा आणि एक परदेशी दिसणारी मुलगी लॅपटॉपकडे बघून हसत होती. कॉम्प्युटर लॅबचा फोटो नव्हता. "सर, आपके बच्चे के लिए लास्ट सीट रोक के रखी है," तो म्हणाला. महाराष्ट्रात डोनेशन घेण्यावर १९८७ च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तो शब्द त्याने एकदाही उच्चारला नाही. 'डेव्हलपमेंट' मात्र बऱ्याच वेळा म्हणाला. बापाने त्याला नीट बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "घोडा कोणत्या सब्जेक्टले लागते?"

माणूस गेल्यावर बी.एस्सी. आणि बीसीएचा विषय निघाला. गावात अजून पुष्कळांना वाटतं की बारावीची मार्कशीट घेऊन खिडकीवर उभं राहिलं की बीसीए मिळतं. ते दिवस गेले. २०२४ पासून बीसीए-बीबीएलाही राज्याची सीईटी आली. पहिल्या वर्षी गंमत अशी झाली की जागा लाखाच्या वर आणि परीक्षा दिलेली पोरं त्याच्या निम्म्यालाही पुरेनात. मग त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा परीक्षा घ्यावी लागली. काही कॉलेजांनी सीईटीतून सुटायला अभ्यासक्रमाची पाटीच बदलली. या सीईटीच्या शंभर प्रश्नांत इंग्रजीचे चाळीस, तर्काचे तीस आणि कॉम्प्युटरचे पंधरा. कॉम्प्युटरच्या पदवीला कॉम्प्युटर पंधरा टक्के, हे प्रमाण मला आमच्या मंडळाच्या चर्चेपेक्षा बरंच उदार वाटलं. आमच्या पोट्ट्याने ती परीक्षा दिलीच नव्हती. त्या दिवशी मामेबहिणीचं लग्न होतं आणि तो वाढप्या होता.

इंग्लंडात म्हणे गुण कमी पडले तर 'क्लिअरिंग' असतं. ऑगस्टात निकाल लागला की ज्या विद्यापीठांत जागा उरल्या आहेत त्यांची यादी बघून पोरगं स्वतः फोन लावून विचारतं. स्वतः. मामाजींना, दिवाणजींना, गार्डबाबांना न विचारता. एवढ्या एकट्या पडलेल्या लेकरांबद्दल आमच्या ओसरीवर सर्वांना वाईट वाटलं.

या सगळ्या दिवसांत गल्लीच्या टोकाची एक पोरगी अधूनमधून माझ्याकडे प्रिंट काढायला येत होती. तिने दहावीनंतर सरळ पॉलिटेक्निक धरलं होतं. तेव्हा हेच मंडळ तिच्या बापाला म्हणालं होतं, "एवढे मार्क असून पोट्टीले डिप्लोमाले टाकतं?" आता ती कॉम्प्युटरचा डिप्लोमा संपवून थेट दुसऱ्या वर्षाच्या इंजिनिअरिंगला चालली होती. त्या दाराला सीईटी नाही. डिप्लोमाचे गुण बघतात. वरून जुलै २०२४ चा सरकारी निर्णय: आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी माफ. ती प्रिंटरजवळ उभी असताना दिवाणजींनी हा हिशेब मनातल्या मनात केला आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांना चारही मुलगे.

त्या पोरीने पोट्ट्याला विचारलं, "तुले कोडिंग आवडते का?"

पोट्ट्याने चहाचा ट्रे खाली ठेवला. हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच कोणी विचारला असावा, कारण त्याने उत्तर तयार ठेवलं नव्हतं. "माहीत नाही. मी कधी केलाच नाही."

मंडळ त्यावर हसलं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. दोन वर्षं अकरावी-बारावी, त्याआधी गावोगावचं ते एमएस-सीआयटी, मग क्लास, सराव परीक्षा, सात घरांचा निकाल. आणि जो विषय आयुष्यभर करायचा त्याची एक ओळ पोरानं लिहिलेली नाही. धानाचं नवं वाण घ्यायचं तर त्याचा बाप आधी एका बांधीत लावून बघतो.

तिने माझ्याच लॅपटॉपवर त्याला पायथन उघडून दिलं आणि म्हणाली, काहीही कर, घरच्या कामाचं कर. पोट्टा तासभर खुडबुड करत बसला. ओळी वाढत गेल्या, लाल अक्षरं आली, गेली, पुन्हा आली. अखेर त्याने बापाला बोलावलं. पडद्यावर मराठीत प्रश्न होता: 'कट्टे किती?' बापाने जपून, एका बोटाने ३ दाबला. चाळीस किलोचा कट्टा म्हणजे शून्य दशांश चार क्विंटल, त्याला तिनाने गुणून उत्तर आलं: १.२००००००००००००००२.

बापाने चष्मा वर केला, खाली केला. "एक क्विंटल वीस किलो बराबर आहे. पण हे शेवटचे दोन कोणाचे?"

पोट्टाही चमकला. संगणक अपूर्णांक दोनाच्या घातांत ठेवतो, त्यात शून्य दशांश चार काही केल्या पूर्ण बसत नाही, म्हणून टोकाला असा कोंडा उरतो, हे त्या पोरीने समजावलं. पोट्टा ते ऐकताना ट्रे विसरला. मग शून्य दशांश चारऐवजी चाळीस किलो धरून शेवटी शंभराने भागलं तर कोंडा जातो का, हे त्याने तिला न विचारता करून पाहिलं, आणि तो गेला. बापाचं मात्र समाधान झालं नाही. ज्या मशिनीला तीन कट्टे मोजता येत नाहीत तिच्या डिग्रीसाठी आपण मोबाइल झाडाला टांगून बसलो आहोत, हे त्याला लागलं असावं.

पुढच्या फेऱ्यांचं फार सांगण्यासारखं नाही. एक आली, एक गेली. तिसऱ्या फेरीत लांबच्या एका कॉलेजात एक लांबलचक नावाची शाखा मिळाली, ती पहिल्या सहांत नव्हती, म्हणून सुटका झाली. चौथ्या फेरीपर्यंत रोवणी आटोपली होती आणि मंडळाचा उत्साहही. दरम्यान पोट्टा रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसायचा आणि त्याने आपलं आपण ठरवलं: गोंदियातच धोटे बंधू विज्ञान महाविद्यालयात बी.एस्सी.ला कॉम्प्युटर सायन्स घ्यायचं, सायकलवर जायचं, भात घरचा खायचा. तीन वर्षांनी वाटलं तर एमसीए, ते आता दोनच वर्षांचं आहे. टीसीएस, विप्रोसारख्या कंपन्या बी.एस्सी., बीसीए झालेली पोरंही घेतात, विप्रो तर नोकरीत ठेवून एम.टेक. करवते, हे त्या पोरीने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. आणि त्याच्या जोडीला अजून एक. आयआयटी मद्रासने २०२० साली डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम काढला. त्याला जेईई लागत नाही. चार आठवडे धडे बघायचे, गृहपाठ द्यायचे, केंद्रावर जाऊन पात्रता परीक्षा द्यायची. पास झाला तो आत, जागा मोजून दिलेल्या नाहीत. २०२२ पासून दोन पदव्या एका वेळी करायला यूजीसीचीही परवानगी आहे.

पोट्ट्याने तो अर्ज माझ्या लॅपटॉपवर भरला. अजून पात्रता परीक्षा व्हायची होती. पण अर्जाच्या पानावर वर आयआयटीचं बोधचिन्ह होतं आणि नेमका त्याच वेळी दिवाणजी मागे उभे होते.

संध्याकाळी पानठेल्यावर 'आयआयटीचा फॉर्म भरला' असं होतं. रात्री राइस मिलमध्ये 'आयआयटीत लागला' झालं. दुसऱ्या दिवशी पोट्ट्याच्या आईच्या माहेरी, बालाघाटकडे, पेढे वाटल्याची बातमी आली आणि मामाजींनी फोनवर ती नाकारली नाही. गार्डबाबांनी मद्रासला जायला नागपूरहून कोणत्या गाड्या आहेत याची यादी आणून दिली. हा अभ्यासक्रम घरी बसून करायचा आहे असं मी सांगितलं, तर त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. पोट्टा ज्याला-त्याला खरं सांगत फिरला, की हे वेगळं आहे, अजून परीक्षा आहे, घरूनच करायचं आहे. आणि त्याच्या नम्रपणाचं गावात कौतुक झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या गावचा एक गृहस्थ मोटरसायकल लावून ओसरीवर आला. बरोबर मुलगा, मुलाच्या हातात फाइल, फाइलीत प्लास्टिकमधला निकाल.

"त्या पोट्ट्याले किती होते जी?"

"एकाहत्तर."

"आन् आयआयटी भेटली?"

मी समजावून सांगायला तोंड उघडलं, पण तो आधीच खुर्ची ओढून लॅपटॉपपुढे बसला होता.

"माझ्याले त्र्याण्णव आहेत," तो म्हणाला. "त्र्याण्णववर आयआयटीच्या वरचं काय भेटते, तेवढं पाहा."